छातीच्या क्ष-किरण चित्राचे संगणकीय वाचन : यंत्राचे अनुमान आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

कास, श्वास, ज्वर आणि कार्श्य ही लक्षणे घेऊन येणारा रुग्ण आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. छावणी, पडेगाव, मिटमिटा या भागांतून किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून आलेल्या अशा रुग्णास प्रतिश्यायानंतरचा साधा कास आहे, तमकश्वास आहे, धूलिकणांमुळे फुप्फुसांची झालेली हानी आहे की राजयक्ष्मा आहे, याचा निर्णय केवळ दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेने प्रत्येक वेळी होतोच असे नाही. म्हणून आपण छातीचे क्ष-किरण चित्र काढून आणावयास सांगतो. अलीकडे त्या चित्रासोबत काही रुग्ण एक छापील कागद आणतात. त्यावर फुप्फुसांच्या आकृतीत तांबडा-पिवळा डाग दाखविलेला असतो व खाली ‘क्षयाची शक्यता ०.७८’ असा आकडा असतो. हे वाचन डॉक्टरांनी नव्हे, तर संगणकाने केलेले असते.

या आकड्याचा अर्थ काय, त्यावर किती विसंबावे आणि तो हाती आल्यावर पुढे काय करावे, याचा विचार सदर लेखात केला आहे. औषधविक्रेत्या बंधूंनाही हा विषय तितकाच लागू आहे, कारण खोकल्याचा रुग्ण पुष्कळदा प्रथम त्यांच्याच दुकानाची पायरी चढतो.

१. क्ष-किरण चित्राचे महत्त्व

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. तेव्हापासून छातीच्या आतील स्थिती प्रत्यक्ष पाहण्याचे हे सर्वांत सुलभ साधन ठरले आहे. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झाले. त्यात १५ वर्षांवरील दर एक लाख व्यक्तींमागे ३१६ जणांस जंतुपरीक्षणाने सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय आढळला. त्याच सर्वेक्षणातील आणखी दोन निष्कर्ष आपण विशेष लक्षात घ्यावेत. पहिला असा की, केवळ लक्षणे विचारली असती व क्ष-किरण चित्र काढले नसते, तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. दुसरा असा की, लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोणत्याही वैद्यकीय सल्ल्याचा आश्रय घेतलेला नव्हता.

राजयक्ष्म्याच्या त्रिरूप, षड्रूप व एकादशरूप अशा अवस्था आपल्या संहितांनी वर्णिल्या आहेत. एकादशरूप पूर्ण होईपर्यंत थांबणे म्हणजे बल-मांसक्षय होऊ देणे, हे आपण जाणतोच. वरील सर्वेक्षण असे सांगते की, रूपे स्पष्ट होण्याआधीच काहींच्या फुप्फुसात विकृती घर करून असते. तेव्हा चित्र काढणे अगत्याचे आहे. परंतु ते वाचणारे क्ष-किरणतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी व खेड्यांत पुरेसे उपलब्ध नसतात. हीच उणीव भरून काढण्यासाठी संगणकीय वाचनाची पद्धती पुढे आली.

२. डीप लर्निंग म्हणजे काय?

डीप लर्निंग म्हणजे सखोल यंत्रशिक्षण. अंकीय क्ष-किरण चित्र हे संगणकाच्या दृष्टीने चित्र नसून अंकांचा एक मोठा तक्ता असतो. प्रत्येक बिंदूच्या काळ्या-पांढऱ्या छटेस एक अंक असतो. हवेने भरलेले फुप्फुस काळसर, अस्थी पांढऱ्या, तर द्रव किंवा घनीभवन झालेला भाग मधल्या छटेचा दिसतो.

या अंकांवर गणिती गाळण्या एकापुढे एक अशा अनेक थरांत लावलेल्या असतात. पहिले थर केवळ कडा व रेषा टिपतात, मधले थर वर्तुळे, डाग व जाळी ओळखतात आणि शेवटचे थर या सर्वांच्या मेळातून ‘असे दृश्य अमुक विकारात आढळते’ असा निष्कर्ष काढतात. प्रत्येक गाळणीस किती महत्त्व द्यावयाचे, हे कोणी हाताने ठरवीत नाही. यंत्रास हजारो चित्रे व प्रत्येकाचे ज्ञात उत्तर दिले जाते. यंत्र आपले उत्तर काढते, ते ज्ञात उत्तराशी ताडून पाहते, चूक किती झाली ते मोजते आणि त्या प्रमाणात गाळण्यांचे महत्त्व किंचित बदलते. हा क्रम असंख्य वेळा घडल्यावर यंत्र ‘शिकले’ असे म्हणतात. नंतर पूर्वी कधीही न दाखविलेल्या चित्रांवर त्याची परीक्षा घेतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ साली ३०,८०५ रुग्णांची १,१२,१२० छातीची चित्रे अभ्यासकांस खुली केली. त्यांवर १४ विकृतींची नावे लावलेली होती. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या चित्रांच्या आधारे १२१ थरांचे ‘चेक्सनेट’ हे यंत्रजाल सादर केले व ते न्यूमोनिया ओळखण्यात क्ष-किरणतज्ज्ञांच्या तोडीचे असल्याचे प्रतिपादन केले. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. त्या १,१२,१२० चित्रांवरील नावे तज्ज्ञांनी एकेक चित्र नव्याने पाहून लावलेली नव्हती; पूर्वीच्या लेखी अहवालांतून संगणकाने ती शब्द शोधून उचलली होती. आप्तोपदेशच सदोष असेल तर शिष्याचे ज्ञानही तितकेच सदोष राहते, हा नियम यंत्रासही लागू आहे.

३. महाराष्ट्रातील कार्य

या क्षेत्रात आपले राज्य मागे नाही, ही समाधानाची गोष्ट होय. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या ‘क्यूर डॉट एआय’ या संस्थेची ‘क्यूएक्सआर’ ही प्रणाली आज अनेक देशांत वापरली जाते. पुण्यातील ‘डीपटेक’ या संस्थेची ‘जेन्की’ ही प्रणाली चेन्नई महानगरपालिकेच्या क्षयशोध मोहिमेत फिरत्या क्ष-किरण वाहनांसोबत वापरण्यात आली.

बांगलादेशातील ढाका येथील तपासणी केंद्रांत आलेल्या २३,९५४ व्यक्तींच्या चित्रांवर पाच निरनिराळ्या प्रणालींची तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. या सर्व व्यक्तींची थुंकीची जनुकीय तपासणीही झालेली असल्याने यंत्राचे उत्तर खरे की खोटे हे पडताळता आले. पाचही प्रणाली तेथील क्ष-किरणतज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक चाळणीसाठी किमान ९० टक्के संवेदनशीलता व ७० टक्के विशिष्टता अशी अपेक्षा ठेवली आहे. ती ‘क्यूएक्सआर’ आणि नेदरलँड्समधील ‘कॅड४टीबी’ या दोनच प्रणालींनी पूर्ण केली. मात्र वयस्कर व्यक्ती व पूर्वी क्षय होऊन गेलेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत प्रणालींची अचूकता घटते, असेही त्यात दिसून आले.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये फुप्फुसाच्या क्षयाच्या चाळणीसाठी मानवी वाचकाऐवजी अशा प्रणाली वापरता येतील अशी शिफारस केली. आपल्या देशात ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयमुक्ती मोहिमेतही हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे व संगणकीय वाचन यांचा उपयोग करण्यात आला.

४. आकड्याचा अर्थ

संवेदनशीलता ९० टक्के म्हणजे खऱ्या १०० रुग्णांपैकी ९० जणांस यंत्र ओळखते व १० जणांस सोडून देते. विशिष्टता ७० टक्के म्हणजे क्षय नसलेल्या १०० जणांपैकी ७० जणांस यंत्र योग्य रीतीने ‘क्षय नाही’ असे सांगते व ३० जणांवर विनाकारण संशय घेते. येथपर्यंत सर्व सोपे आहे. परंतु यंत्र संशय दाखविते तेव्हा तो खरा असण्याची शक्यता किती, हे समोरचा समूह कोणता यावर अवलंबून असते.

राष्ट्रीय सर्वेक्षणातील प्रमाण धरून एक लाख सर्वसामान्य प्रौढांची तपासणी केली असे समजू. त्यांत ३१६ रुग्ण असतील. यंत्र त्यांपैकी सुमारे २८४ जणांस पकडेल व ३२ जणांस सोडेल. उरलेल्या ९९,६८४ जणांपैकी सुमारे २९,९०५ जणांवर मात्र ते नाहक संशय घेईल. म्हणजे संशयित १०६ जणांमागे खरा रुग्ण एकच.

आता दीर्घकाळ खोकणाऱ्या १,००० रुग्णांचा गट घेऊ व त्यांत १०० जणांस क्षय आहे असे गृहीत धरू. तेच यंत्र ९० जणांस पकडेल, १० जणांस सोडेल आणि २७० जणांवर विनाकारण संशय घेईल. येथे संशयित चार जणांमागे एक खरा रुग्ण निघतो.

यंत्र तेच, संवेदनशीलता तीच, तरीही निष्कर्षाचे मोल निराळे. म्हणून प्रश्नपरीक्षा न करता केवळ कागदावरील आकडा पाहणे अशास्त्रीय होय. रुग्णास किती दिवस खोकला आहे, वजन घटले काय, सायंकाळी ज्वर येतो काय, घरात कोणास क्षय होता काय, या प्रश्नांच्या उत्तरांनीच त्या आकड्यास अर्थ येतो. तसेच ०.७८ म्हणजे ‘७८ टक्के क्षय’ असाही अर्थ करू नये. तो यंत्राचा अंतर्गत गुणांक आहे. कोणत्या मर्यादेपुढे संशय मानावयाचा हे ती प्रणाली वापरणारा कार्यक्रम ठरवितो व दोन निरनिराळ्या प्रणालींच्या गुणांकांची परस्परांशी तुलना करता येत नाही.

५. व्याप्ती आणि उपाधी

यंत्र कोठे फसते हे समजून घेण्यास आपल्या दर्शनशास्त्राची परिभाषा फार उपयोगी पडते. यंत्राचे वाचन हे प्रत्यक्ष नसून अनुमान आहे. चित्रातील छटा हा हेतू, विकार हे साध्य आणि लक्षावधी चित्रांतून आढळलेले त्यांचे साहचर्य ही व्याप्ती. धुरावरून अग्नीचे अनुमान योग्य ठरते. परंतु अग्नीवरून धुराचे अनुमान करावयास गेल्यास ते फसते, कारण तेथे ओले इंधन ही उपाधी असते. उपाधी न ओळखता मानलेली व्याप्ती खरी नव्हे, हे न्यायशास्त्राने स्पष्ट केले आहे.

यंत्रास साहचर्य कळते, उपाधी कळत नाही. याची तीन उदाहरणे पाहू.

(अ) फुप्फुसावरणात हवा शिरण्याच्या विकाराची जी चित्रे वर उल्लेखिलेल्या संग्रहात आहेत, त्यांतील अनेकांमध्ये हवा काढण्यासाठी छातीत बसविलेली नळीही दिसते. म्हणजे त्या रुग्णांवर आधीच उपचार सुरू झालेले होते. अशा चित्रांवर शिकलेले यंत्र हवेऐवजी नळी ओळखावयास शिकू शकते. मग ज्यास नळी बसविलेली नाही, म्हणजेच ज्यास मदतीची खरी निकड आहे, तोच रुग्ण निसटतो.

(आ) अमेरिकेतील निरनिराळ्या रुग्णालयांच्या चित्रांवर न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्राचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका रुग्णालयात शिकलेले यंत्र दुसरीकडे बहुतेक वेळा कमी पडले. शिवाय चित्र कोणत्या रुग्णालयातील आहे, हे यंत्र जवळजवळ बिनचूक ओळखीत होते. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण अधिक, तेथील चित्र म्हणजे न्यूमोनिया, असा आडमार्ग त्यास सापडू शकत होता.

(इ) कोविड काळात घाईने तयार झालेल्या अनेक यंत्रांविषयी २०२१ साली असे दाखविण्यात आले की, ती फुप्फुसांबरोबरच चित्राच्या कडेवरील अक्षरे व खुणा यांवरही विसंबून होती.

आपल्याकडील उपाधी निराळ्या आहेत. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणचिन्ह यंत्रास नव्या क्षयासारखे दिसू शकते. दगडखाणीत, खडी केंद्रावर किंवा ओतकामाच्या कारखान्यात सिलिकायुक्त धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसातील गाठी क्षयाशी गल्लत करवू शकतात, आणि अशा कामगारास क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो. रुग्णाचा व्यवसाय चित्रात लिहिलेला नसतो. तो वैद्यानेच विचारावा लागतो.

६. व्यवहारात काय करावे?

(१) दोन आठवड्यांहून अधिक काळ कास, ज्वर, रात्री घाम, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असल्यास क्ष-किरण चित्र व थुंकीची तपासणी दोन्ही सांगावीत. सितोपलादि, तालीसादि किंवा वासावलेह यांनी कास तात्पुरता शमला, म्हणून तपासणी पुढे ढकलू नये.

(२) यंत्राने संशय दाखविल्यास तो निदान म्हणून सांगू नये. थुंकीची जनुकीय तपासणी करवावी. सीबीनॅट अथवा ट्रूनॅट ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय केंद्रांत विनामूल्य होते. यांपैकी ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील ‘मोलबायो’ या संस्थेचे आहे. या तपासणीने रिफाम्पिसिन या औषधास जंतू दाद देतील किंवा नाही हेही कळते, जे कोणत्याही क्ष-किरण चित्रावरून कळणे शक्य नाही.

(३) यंत्राने ‘संशय नाही’ म्हटले तरी लक्षणे कायम असतील तर तपास थांबवू नये. फुप्फुसाबाहेरील क्षय, उदाहरणार्थ ग्रंथींचा किंवा अस्थींचा, या चित्रात सापडत नाही. तमकश्वासातही चित्र पुष्कळदा स्वाभाविक दिसते.

(४) पंधरा वर्षांखालील बालकांसाठी वरील शिफारस नाही. गर्भिणीच्या बाबतीत क्ष-किरण तपासणीचा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा.

(५) फिल्मचा भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ते एखाद्या सर्वसाधारण संभाषण-प्रणालीस दाखविणे व तिच्या उत्तरावर औषध देणे सर्वथा टाळावे. वर सांगितलेल्या कसोट्या मूळ अंकीय चित्रावर चालणाऱ्या विशिष्ट प्रणालींच्या आहेत. त्या अशा वापरास लागू होत नाहीत.

७. औषधविक्रेत्यांसाठी

एकच व्यक्ती महिन्यातून तीन-चार वेळा खोकल्याचे औषध मागते, हे सर्वप्रथम दुकानदारास कळते. कोणत्याही यंत्राच्या आधी मिळणारी ही सूचना होय. अशा ग्राहकास आणखी एक बाटली देण्याआधी तपासणीचा सल्ला द्यावा. तसेच फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय दिल्यास क्षयाची लक्षणे काही काळ दबतात व निदानास विलंब होतो, हे लक्षात असावे.

क्षयविरोधी औषधे १ मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. क्षयरुग्णाची शासनास सूचना देणे मे २०१२ पासून आवश्यक असून मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही जबाबदारी औषधविक्रेत्यांवरही आली. नोंद झालेल्या रुग्णास ‘निक्षय पोषण’ योजनेत उपचारकाळात मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले आहे. म्हणजे नोंद न करणे हे रुग्णाचे आर्थिक नुकसानही होय.

८. स्वाध्याय : तीन कल्पित उदाहरणे

पहिले : वय ४२, कारखान्यातील कामगार, तीन आठवडे कास, वजनात चार किलोंची घट. यंत्राचे उत्तर : ‘संशय नाही’. येथे कार्श्य व कास यांची साक्ष यंत्राहून बलवत्तर आहे. थुंकीची तपासणी करवावीच.

दुसरे : वय ६५, स्त्री, बारा वर्षांपूर्वी क्षयाचे पूर्ण उपचार झालेले, सध्या किंचित श्वास. यंत्राचे उत्तर : ‘प्रबळ संशय’. जुने व्रणचिन्ह ही येथे संभाव्य उपाधी आहे. जुने चित्र मागवून नव्याशी ताडावे व थुंकी तपासावी. केवळ आकड्यावरून पुन्हा औषधे सुरू करू नयेत, आणि ‘जुनाच डाग असेल’ असे म्हणून तपासणी टाळूही नये.

तिसरे : वय ९, बालक, घरात आजोबांस क्षय, मानेत ग्रंथी. यंत्राचे उत्तर येथे विचारातच घेऊ नये. बालरोगतज्ज्ञांकडे, आपल्या शहरात घाटी रुग्णालयात, त्वरित पाठवावे.

सारांश

संगणकीय वाचन हे तज्ज्ञांच्या अभावी चाळणीचे उत्तम साधन आहे. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. यंत्र अनुमान करते. त्या अनुमानातील उपाधी शोधणे, थुंकीच्या तपासणीने ते पडताळणे आणि रुग्ण उपचार पूर्ण करतो की नाही हे पाहणे ही कामे वैद्याकडेच राहतात. आयुर्वेदीय उपचार क्षयरुग्णाचे बल, अग्नी व धातू यांच्या पोषणासाठी उपयोजावेत, परंतु जंतुनाशक औषधांचा क्रम त्यांमुळे खंडित होता कामा नये. यास्तव प्रत्येक वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या नजीकच्या क्षयरोग केंद्राचा पत्ता, तेथील तपासणीची वेळ आणि निक्षय साहाय्य क्रमांक १८००-११-६६६६ आपल्या चिकित्सालयात, तर औषधविक्रेत्यांनी आपल्या दुकानात, सहज दिसेल असा लावून ठेवावा.